डायलिसिसनंतरचा थकवा आणि ताटातले अन्न

डायलिसिस करून आलेला माणूस गळून पडतो, त्याला आळशी म्हणू नका. निकामी मूत्रपिंडात रक्तवाढीचे संप्रेरक कमी बनते, म्हणून हिमोग्लोबिन घटते. दर डायलिसिसला थोडी प्रथिनेही निघून जातात. अशा माणसाला पथ्य म्हणून नुसत्या पेजेवर ठेवणे चूकच. ५० किलो वजनाला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिने लागतात. अंड्यातला पांढरा भाग, ताजी मासळी बेताने चालते. गव्हाणच्या खाडीपट्ट्यात सुकट-बोंबील आवडीचे. पण त्यातल्या मिठाने तहान लागते, अंगात पाणी साठते, ते मशीनवर एकदम काढले की रक्तदाब पडतो, थकवा वाढतो. आणि भेटायला येणाऱ्यांनी शहाळे आणू नये. त्यातल्या पोटॅशियमने हृदय बंद पडू शकते.