काखेतली ताठ दोरी

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन काही आठवडे झाले, टाकेही भरत आले. अशातच केस विंचरायला किंवा फळीवरचा डबा काढायला हात वर केला की काखेत कळ येते. आरशात पाहावं तर त्वचेखाली दोरी ताणल्यासारखी दिसते. आजार उलटला की काय, या धास्तीने बायका गप्प बसतात. तसं नसतं, आणि हे त्यांना शस्त्रक्रियेआधीच सांगायला हवं.

कशामुळे होतं

या त्रासाला 'ॲक्झिलरी वेब सिंड्रोम' म्हणतात. हे नाव २००१ सालच्या एका शोधनिबंधापासून रूढ झालं. शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे गाठी, काढताना तिथल्या लसिकावाहिन्या आणि बारीक शिरा तुटतात. त्यांत द्रव किंवा रक्त साकळतं, दाह होतो आणि त्या कडक होत जातात, असं सध्या मानलं जातं. गाठी जितक्या जास्त काढाव्या लागतात, तितकी शक्यता वाढते. सेंटिनल नोड बायोप्सीनंतरही, म्हणजे मोजक्याच गाठी काढून तपासल्या तरीही, हे होतं, पण कमी. सडपातळ बांध्याच्या स्त्रियांमध्ये या दोऱ्या अधिक आढळतात. काहींच्या दोऱ्या कोपरापर्यंत, क्वचित मनगटापर्यंत उतरतात.

उपचार

दुखतं म्हणून हात छातीशी धरून ठेवायचा, हीच मोठी चूक. खांदा आखडतो. पुढे रेडिएशन असेल तर हात डोक्याच्या वर नेऊन स्थिर ठेवावा लागतो आणि तेच जमत नाही. म्हणून लवकरात लवकर फिजिओथेरपिस्टला दाखवावं. भिंतीला बोटं टेकवून हात हळूहळू वर सरकवणं, सौम्य ताण देणं, हाताने दोरी मोकळी करणं, असे उपचार असतात. ताण जाणवेल इतपतच, जीव कळवळेपर्यंत नाही. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. व्यायाम करताना एखादी दोरी कधी 'टक्' आवाज होऊन सुटते आणि हात एकदम वर जातो. त्याने घाबरू नये. मात्र घरच्या कोणी ती मुद्दाम तोडायला जाऊ नये. बहुतेकींना काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत आराम पडतो. काहींना जास्त वेळ लागतो.

तातडीने कधी दाखवावं

ताप, काखेत लाली, हाताला सूज, नवी गाठ यांपैकी काहीही दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. आणि शस्त्रक्रिया झालेलीच नसताना अशी दोरी हाताला लागली, तर आधी तपासणी करून घ्यावी, व्यायाम त्यानंतर.