एडिटरमधला सहायक : त्याला काय दिसते आणि त्याच्या हाती काय द्यावे

प्रोग्राम लिहिण्याच्या एडिटरच्या कडेला संवादाची एक चौकट उघडायची, तीत साध्या भाषेत प्रश्न टाकायचा आणि समोर उघडलेल्या कोडला धरून उत्तर मिळवायचे, ही रीत अवघ्या काही वर्षांत प्रोग्रामरांच्या अंगवळणी पडली आहे. या चौकटीमागे जे भाषा-मॉडेल, म्हणजे प्रचंड मजकुरावरून पुढे काय येईल याचे अनुमान करायला शिकलेली गणिती रचना, काम करते ते बहुधा ब्राउझरमधल्या संवाद-सेवेच्याच जातीचे असते. दोहोंत फरक पडतो तो संदर्भामुळे. उघड्या फाइली, निवडलेल्या ओळी, त्रुटींचे संदेश आणि टर्मिनलमधला मजकूर एडिटरच्या हाताशी असतो, आणि त्यातला नेमका किती व कोणता भाग मॉडेलपर्यंत पोचतो यावर उत्तराचा कस ठरतो. म्हणूनच असा सहायक बसवताना एक एक्स्टेन्शन उतरवून घेण्याचे काम सर्वांत सोपे असते. त्याला काय दिसावे आणि त्याला काय बदलता यावे, हे दोन निर्णय अवघड असतात व ते वापरणाऱ्यालाच घ्यावे लागतात.

एडिटरमध्ये गप्पा मारणारा प्रोग्राम असावा ही कल्पना जुनीच आहे. जोसेफ वायझेनबाउम यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रचलेल्या आणि १९६६ साली शोधनिबंधातून मांडलेल्या ‘एलायझा’च्या धर्तीवरचा ‘डॉक्टर’ नावाचा प्रोग्राम जीएनयू ईमॅक्स या एडिटरमध्ये आजही मिळतो. टंकलेल्या वाक्यातले शब्द उलटवून तो मानसोपचारकाच्या थाटात प्रश्न विचारतो, पण शेजारच्याच खिडकीत उघडलेल्या प्रोग्रामबद्दल त्याला काहीही ठाऊक नसते. दुसऱ्या बाजूने, कोड ‘ओळखणाऱ्या’ पण न बोलणाऱ्या सोयी वेगळ्या वाटेने वाढत होत्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मायक्रोसॉफ्टच्या साधनांत रुळलेले ‘इंटेलिसेन्स’ अर्धवट टंकलेले नाव पूर्ण करून देत असे, आणि २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ने, म्हणजे एडिटर आणि एखाद्या प्रोग्रामिंग भाषेचे विश्लेषण करणारा सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाणीच्या ठरीव नियमांनी, तीच सोय अनेक एडिटरांत नेणे सुकर केले. बोलणारा पण न पाहणारा आणि पाहणारा पण न बोलणारा, अशा या दोन परंपरांचा संगम म्हणजे आजचा सहायक होय.

त्या संगमाला सैद्धांतिक आधार देणारे एक काम येथे नोंदवणे अगत्याचे आहे. अब्राम हिंडल, प्रेमकुमार देवनबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली असे दाखवले की माणसांनी लिहिलेला कोड नैसर्गिक भाषेप्रमाणेच, किंबहुना तिच्याहूनही अधिक, पुनरुक्तीने भरलेला आणि म्हणून सांख्यिकीय अनुमानाला सोपा असतो. पुढे २०२१ मध्ये ओपनएआयने सार्वजनिक कोडवर शिकवलेल्या ‘कोडेक्स’ या मॉडेलचे वर्णन प्रसिद्ध केले. १६४ प्रश्नांच्या चाचणी-संचात त्याने पहिल्याच प्रयत्नात २८.८ टक्के प्रश्न सोडवले. त्याच मॉडेलवर आधारलेला ‘गिटहब कोपायलट’ जून २०२१ मध्ये मर्यादित स्वरूपात आणि जून २०२२ मध्ये सर्वांसाठी खुला झाला, तेव्हा तो फक्त पुढच्या ओळी सुचवत असे. व्हिज्युअल स्टुडिओ कोड, अर्थात व्हीएस कोड, या एडिटरमध्ये संवादाची चौकट सर्वसाधारण वापरासाठी डिसेंबर २०२३ मध्ये आली.

प्रश्न पाठवल्यावर प्रत्यक्षात काय घडते हे समजून घेतले की वापरातल्या निम्म्या अडचणींचा उलगडा होतो. मॉडेलला स्वतःची अशी संभाषणाची आठवण नसते. प्रत्येक प्रश्नाच्या वेळी एक्स्टेन्शन सेवेच्या मूळ सूचना, प्रकल्पाच्या सूचना, आधीचे संभाषण, उघड्या फाइलचा भाग आणि शोधून आणलेले इतर तुकडे एकत्र रचून नव्याने पाठवते. हा सारा मजकूर ‘टोकन’ या एककात, म्हणजे शब्द किंवा शब्दाचा अंश अशा तुकड्यांत, मोजला जातो आणि मॉडेल एका वेळी किती टोकन विचारात घेऊ शकते याला मर्यादा असते. प्रकल्प मोठा असेल तर सगळ्या फाइली पाठवणे शक्य नसते. अशा वेळी कोडच्या तुकड्यांचे आकड्यांच्या मालिकांत रूपांतर करून, प्रश्नाशी अर्थाने जवळ असलेले तुकडे निवडले जातात. ही निवड चुकली की मॉडेल प्रकल्पात अस्तित्वात नसलेले फंक्शन आत्मविश्वासाने बोलावते, आणि वापरणारा दोष मॉडेलच्या बुद्धीला देतो, जरी खरी उणीव पुष्कळदा त्याच्यापुढे ठेवलेल्या कागदपत्रांत असते. म्हणून संबंधित फाइल नावाने जोडणे हे नुसते ‘सगळा प्रकल्प पाहा’ असे म्हणण्यापेक्षा बहुतेक वेळा अधिक फलदायी ठरते. नवे काम नव्या संभाषणात सुरू करावे, हा नियमही यातूनच निघतो. जुन्या संभाषणातले सोडून दिलेले बेत प्रत्येक खेपेला पुन्हा पाठवले जातात आणि उत्तरात डोकावत राहतात.

व्हीएस कोडमधली मांडणी थोडक्यात सांगण्यासारखी आहे : गिटहबच्या खात्याने प्रवेश करायचा, योजना निवडायची आणि यादीतून मॉडेल ठरवायचे. डिसेंबर २०२४ पासून मासिक मर्यादा असलेली एक विनामूल्य योजनाही उपलब्ध झाली. यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरे मोल तिच्यातच आहे. प्रकल्पातल्या ‘डॉट गिटहब’ या फोल्डरात ‘कोपायलट इन्स्ट्रक्शन्स’ नावाची एक साधी मजकूर-फाइल ठेवता येते व ती संवादातील प्रत्येक प्रश्नासोबत आपोआप जोडली जाते. भाषेची कोणती आवृत्ती वापरली आहे, चाचण्या कोणत्या आज्ञेने चालतात, कोणत्या फोल्डरातला कोड यंत्रनिर्मित असल्याने हाताने बदलायचा नाही, त्रुटी हाताळण्याची या चमूची पद्धत कोणती, अशा आठदहा ओळी तीत पुरेशा होतात. चांगल्या चमूत हे सारे ज्ञान असतेच, पण ते जुन्याजाणत्या सहकाऱ्यांच्या डोक्यात असते. सहायकासाठी म्हणून ते कागदावर उतरते आणि नव्याने आलेल्या माणसांनाही लाभते, हा या साधनाचा फारसा न बोलला गेलेला उपकार आहे.

काय दिसू नये याचाही विचार तेवढ्याच काळजीने करावा लागतो. परवलीचे शब्द व सेवांच्या गुप्त किल्ल्या ज्या फाइलीत ठेवल्या जातात, तिला गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत ‘दुर्लक्षित’ ठरवण्याची प्रथा आहे आणि कोपायलट प्रकल्पाचा शोध घेताना अशा फाइली वगळतो. परंतु तीच फाइल एडिटरमध्ये उघडी असली किंवा तिच्यातला मजकूर निवडलेला असला, तर ती संदर्भात जाऊ शकते. मजकूर यंत्राबाहेर जाऊच नये अशी अट असेल, तर ‘ओलामा’सारख्या साधनाने मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालवून ते एडिटरला जोडता येते. सात अब्ज पॅरामीटर, म्हणजे शिकताना जुळवले गेलेले आकडे, असलेले मॉडेल प्रत्येक आकड्यास १६ बिट दिल्यास सुमारे १४ जीबी जागा घेते. तेच ४ बिटांवर आणल्यास, अचूकतेत थोडी घट सोसून, सुमारे ४ जीबीत मावते. मोठ्या सेवांच्या तोडीची उत्तरे त्याच्याकडून मिळत नाहीत, तरीही गोपनीय कामासाठी हा मार्ग आदरास पात्र आहे.

वापराच्या तीन रीती रूढ झाल्या आहेत : नुसते विचारणे, नेमून दिलेल्या फाइलींत बदल सुचवून घेणे, आणि ‘एजंट’ म्हणून काम सोपवणे. शेवटच्या रीतीत सहायक स्वतः फाइली शोधतो, बदलतो, टर्मिनलमध्ये आज्ञा चालवतो आणि चाचणी नापास झाली तर पुन्हा प्रयत्न करतो. प्रत्येक आज्ञेपूर्वी परवानगी मागण्याची सोय कंटाळवाणी वाटून ती बंद करण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. वाचलेल्या फाइलीत किंवा वेबपानावर कोणी मुद्दाम पेरलेले वाक्य आणि वापरणाऱ्याने दिलेली खरी सूचना यांत मॉडेलला खात्रीने भेद करता येत नाही, त्यामुळे परकी सूचनाही तो आज्ञा समजून पाळू शकतो. काम सोपवण्यापूर्वी गिटमध्ये नोंद करून ठेवणे आणि नंतर बदललेल्या ओळी एकेक वाचणे, ही दोन्ही पथ्ये पाळणाऱ्याला एजंट खरोखर उपयोगी पडतो. प्रश्नही मोघम नसावा. ‘हे दुरुस्त कर’ असे म्हणण्याऐवजी, व्याज मोजणाऱ्या फंक्शनला २९ फेब्रुवारी ओलांडणारी मुदत दिली की एक दिवस कमी धरला जातो, फंक्शन बोलावण्याची पद्धत बदलू नये आणि आधी या चुकीवर नापास होणारी चाचणी लिहावी, असे सांगितले तर उत्तर पडताळण्याचे साधनही त्यातच तयार होते.

लाभाविषयीचे पुरावे एका दिशेने जात नाहीत. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक अशा ८९ प्रसंगांत कोपायलटकडून १,६८९ प्रोग्राम लिहून घेतले, तेव्हा त्यांतले सुमारे ४० टक्के सदोष निघाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित प्रयोगात जावास्क्रिप्टमध्ये एचटीटीपी सर्व्हर लिहिण्याचे काम कोपायलट वापरणाऱ्यांनी ५५.८ टक्के कमी वेळात पुरे केले. उलट ‘मेटर’ या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी मुक्तस्रोत प्रोग्रामरांच्या २४६ कामांचा अभ्यास केला, तेव्हा एआय वापरताना त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला आणि तरीही आपण वेगाने काम केले अशीच त्यांची समजूत राहिली. या दोन निष्कर्षांत विसंगती शोधण्यापेक्षा कामांचे स्वरूप पाहावे : सर्व्हरचे काम छोटे, स्वतंत्र आणि सर्वत्र आढळणारे होते, तर दुसऱ्या अभ्यासातले प्रकल्प मोठे, जुने आणि त्या प्रोग्रामरांना तळहातासारखे ठाऊक असलेले होते, जिथे सहायकाला द्यावयाचा संदर्भ मुख्यतः माणसाच्या मनातच होता.

मराठीतून प्रश्न विचारणाऱ्यांसाठी टोकनचा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतनात रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. शिवाय मजकुराचे तुकडे पाडणारी जुनी साधने प्रामुख्याने इंग्रजीवर घडलेली असल्याने एकेक मराठी शब्द अनेक टोकनांत फुटत असे. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ सादर करताना ओपनएआयने दिलेल्या नमुन्यात मराठी मजकुराची टोकनसंख्या ९६ वरून ३३ वर आली, म्हणजे तेवढ्याच मर्यादेत आता जवळजवळ तिप्पट मराठी मावते. महाराष्ट्रातील ज्या विद्यार्थ्याचे शालेय शिक्षण मराठीत झाले आणि ज्याला प्रोग्रामिंग इंग्रजी पुस्तकांतून शिकावे लागते, त्याने सूचनांच्या फाइलीत एवढेच लिहावे की स्पष्टीकरण मराठीत द्यावे, पारिभाषिक संज्ञा प्रथम येईल तेथे उलगडून सांगावी, आणि कोडमधली नावे व टिपणे मात्र प्रकल्पात चालत आली असतील त्याच भाषेत ठेवावीत.