बोगद्याला मातीचं लिंपण

मातीची भिंत पाणी अडवते, हे नाशिककरांना सांगायला नको. आपलं गंगापूर धरण मातीचंच. पण तीच माती पाण्यात कालवून पंपाने डोंगराच्या पोटात भरली, तर तिथलंही पाणी थांबतं, याचं जरा नवल वाटेल.

इगतपुरीजवळचे समृद्धी महामार्गाचे जुळे बोगदे ५ जून २०२५ रोजी खुले झाले. लांबी सुमारे पावणेआठ किलोमीटर. घाटातला हा काळा कातळ अभेद्य दिसतो खरा, पण तो लाव्हाच्या थरावर थर साचून झालेला. निवताना त्याला भेगा पडल्या. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा असतो, तो भिजला की मऊ पडतो. अशा कातळात बोगदा खोदला की भेगांतून पाणी आत उतरतं. छत ढासळण्याची भीती असतेच. पण मला जास्त लागते ती दुसरी गोष्ट. बोगदा पाणी ओढू लागला, तर वरच्या वाडीची विहीर आटू शकते. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात डोक्यावर हंडा, हे घाटमाथ्याला नवीन नाही.

यावरचा उपाय म्हणजे ग्राउटिंग. खोदाईच्या पुढे कातळात लांब छिद्रं पाडायची आणि दाबाने त्यांत पातळ रबडी सोडायची. बहुतेक ठिकाणी ती सिमेंटची असते. पण सिमेंटचा कण जाड, केसासारख्या भेगेच्या तोंडाशीच अडतो. चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान. तो आत शिरतो. गंमत म्हणजे ही रबडी हलती असेपर्यंत वाहते, थांबली की थिजते. जमीन किंचित सरकली तर सिमेंट तडकतं, ओली माती नुसती वाकते. मात्र तिच्यात ताकद नाही, जोराचं पाणी तिला धुऊन नेतं. म्हणून थोडं सिमेंट मिसळतात. युक्रेनमधल्या डोनबासच्या कोळसा खाणींत असं मिश्रण वापरलं गेलं. फ्रान्समधल्या दिएप बंदरात तर शार्ल बेरिन्यी या इंजिनिअरने १८०२ मध्येच माती-चुना जमिनीत दाबून भरला होता.

यासाठी नावाजलेली माती म्हणजे कच्छ-बाडमेरकडचं बेंटोनाइट. पाणी पिऊन फुगणारं त्यातलं खनिज आपल्या काळ्या रानातही असतं. पावसात पायाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते, ती हीच जात. कातळात कायम ओल असली की भेगाळायचा प्रश्न येत नाही. पण शेतातली माती उचलून थेट चालत नाही. खडे-वाळू काढून, तपासूनच घ्यावी लागते.

भरून झाल्यावर नव्या छिद्रात पाणी सोडून किती मुरतं ते मोजतात. जास्त मुरलं तर पुन्हा भरतात. वरच्या विहिरींची पातळी मात्र खोदाईच्या आधीपासून मोजायला हवी. नंतर मोजून काय कळणार?