मस्करी आणि कुस्करी : संभाषणातील विनोद-गांभीर्याचा निवाडा

दौंड-सोलापूर लोहमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान केम हे स्थानक आहे. तेथील फलाटावर पुढील बोलणे चालले आहे अशी कल्पना करावी. एक प्रवासी विचारतो, ‘गाडी येळंवर हाय का?’ बाकावरचा वृद्ध मान न वळवता सांगतो, ‘कालची यायची हाय अजून.’ यावर प्रवासी ‘मग तिकीट उद्याच काढतो की’ असे म्हणाला, तर थट्टा झाली. तो दचकून ‘का वो? काल काय झालं?’ असे विचारू लागला, तर तेच वाक्य बातमी ठरते. वृद्धाचा एकही शब्द दोन्ही ठिकाणी बदललेला नाही. फार काय, त्याचा हेतूही एकच असू शकेल. बदलले आहे ते त्यानंतरचे बोलणे. विनोद आणि गांभीर्य यांचा भेद वाक्यात शोधणे अपुरे का पडते, हे येथे दिसते. त्याचा निवाडा पुढल्या उक्तीत होतो.

हा प्रश्न भारतीय साहित्यशास्त्राला अपरिचित नव्हता. नवव्या शतकातील रुद्रटाने वक्रोक्तीचे श्लेष आणि काकू असे दोन प्रकार मानले. काकू म्हणजे स्वराचा विशिष्ट हेलकावा. अकराव्या शतकातील मम्मटाने आर्थी व्यंजनेची कारणे सांगताना वक्ता, श्रोता, प्रसंग, देश व काल यांच्याबरोबर काकूचाही समावेश केला. अपकार करणाऱ्याचे आभार मानणारा वक्ता प्रत्यक्षात त्याची निंदा करीत असतो, हे विपरीत लक्षणेने उलगडते. तथापि या विवेचनातला श्रोता सहृदय आहे. तो चुकत नाही. फलाटावरचा श्रोता चुकतो, किंवा चुकल्याचे सोंग करतो, आणि ही दुसरी शक्यता अधिक महत्त्वाची आहे.

पाश्चात्त्य भाषाविचारातही हे कोडे बराच काळ बाजूला ठेवले गेले. जे. एल. ऑस्टिन यांच्या 1962 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत थट्टेतले बोलणे भाषिक कृतींच्या मुख्य विचारातून वगळलेले आहे. ग्रेगरी बेटसन यांनी मात्र 1955 मध्येच प्राण्यांच्या खेळाचा दाखला देऊन दाखविले की, लटका चावा हा चाव्याचा निर्देश करतो आणि त्याच वेळी चाव्याचा अर्थ नाकारतो. त्यासाठी ‘हा खेळ आहे’ अशी एक खूण सोबत द्यावी लागते.

मराठीत या खुणा कोणत्या? स्वर लांबविणे ही एक. लिखित संवादात ती ‘व्हऽय’ अशी अवग्रहाने दाखविली जाते. ‘म्हणे’ आणि ‘बरं का’ ही अव्यये आहेतच. अनपेक्षित आदर ही आणखी एक. रोज ज्याला ‘आरं, ये’ म्हणायचे त्याला ‘या साहेब, बसा’ म्हटले की, आदरार्थी बहुवचनच उपरोधाचे काम करते. परंतु या प्रदेशातील पारावरच्या गप्पांत खूण न देणे हेच कौशल्य मानले जाते. जो स्वतः हसला त्याची थट्टा फसली. अकलूजला 1927 मध्ये जन्मलेल्या द. मा. मिरासदारांच्या ग्रामीण कथांतील विनोद बऱ्याच अंशी याच न हसता सांगण्यावर उभा आहे. तेथे थापेला श्रोते गंभीरपणे घेतात आणि कथा पुढे सरकते. म्हणजे निवाडा श्रोत्यांच्याच हाती राहतो.

नात्यांमध्ये हा निवाडा अधिक गुंतागुंतीचा होतो. ए. आर. रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी 1940 मध्ये ‘थट्टेच्या नात्यां’ची चर्चा केली, मराठी समाजात दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी ही त्यांची ठळक उदाहरणे होत. मात्र थट्टेचे नाते म्हणजे तेथे सारेच हसण्यावारी जाते, असे नव्हे. मामाच्या मुलीशी विवाहाला महाराष्ट्रातील अनेक जातींत पसंती असल्याची नोंद इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या ग्रंथात केली आहे. अशा घरात माहेरी आलेली नणंद भावजयीला म्हणते, ‘वयनी, पोरीला लई शिकवू नगा, आमाला झेपायची न्हाई.’ भावजय हसून ‘मग तुमच्या पोरालाबी शिकवा की’ म्हणाली, तर विषय संपला आणि कोणाचाही मान गेला नाही. ‘यंदा शेवटचं वरीस हाय तिचं, यांच्या कानावर घाला’ असे उत्तर आले, तर ती मागणी ठरते. येथे थट्टा गांभीर्याच्या विरुद्ध टोकाला नाही. ती नकार पचविण्याची सोय असलेली चाचपणी आहे, आणि ती मुद्दामच दुहेरी ठेवलेली असते. या संवादात आतल्या खोलीत ऐकत असलेल्या मुलीला मात्र बोलण्याची पाळीच नाही. निवाडा तिच्याविषयीचा, पण तो करणाऱ्या दोघी दुसऱ्याच.

काही विषय थट्टेला जवळजवळ बंद असतात. बांगडी ‘फुटली’ न म्हणता ‘वाढली’ म्हणणाऱ्या भाषेत कुंकवाविषयीचे बोलणेही जपून केले जाते. घरातले कुंकू ‘संपले’ असे म्हणणे टाळतात. केम हे तर कुंकवाच्या उत्पादनासाठी ओळखले जाणारे गाव. जेथे कुंकू हा माल आहे, तेथे दुकानदाराने ‘कुंकू संपलं’ म्हणणे हा निव्वळ हिशेब होय. तेच वाक्य सुवासिनीला उद्देशून हसत उच्चारले, तर हसण्याने त्याचे परिमार्जन होत नाही.

‘मस्करीची कुस्करी होणे’ हा वाक्प्रचार याच जागेवर बोट ठेवतो. कुस्करी झाली की वक्ता मागे फिरतो : ‘गंमत केली.’ हेतूचा हा दावा तपासता येत नाही. शिवाय तो दोष श्रोत्यावर ढकलतो, कारण आता त्याला थट्टा कळत नाही असे ठरते. समवयस्कांत याची परतफेड होते. विषम नात्यात होत नाही. कारखानदार हसत ‘उद्यापासनं नगं येऊ’ म्हणाला, तर रोजंदारीवरची बाईही हसते. पण तिचे हसणे हा निवाडा नसतो. वाक्य खरे निघाले तर काय, हा हिशेब हसतानाच तिच्या मनात चालू असतो. त्याला मात्र असा हिशेब करावा लागत नाही.

कायद्याने काही ठिकाणी हा तोल बदलला आहे. महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंग प्रतिबंधक अधिनियमातील व्याख्येत चिडविणे आणि थट्टेखातर केलेल्या खोड्या यांचा स्पष्ट समावेश आहे. विद्यार्थ्याला भीती, लाज वा ओशाळलेपण वाटणे हा तेथे निकष आहे. याउलट अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक अधिनियमात (1989) सार्वजनिक दृष्टिपथातील अपमानाच्या संदर्भात अवमानाचा हेतूही पाहिला जातो, आणि ‘सहज थट्टेत बोललो’ या बचावाला तेथे वाव शोधला जाऊ शकतो. एक कायदा श्रोत्याकडून पाहू लागतो, दुसऱ्याला वक्त्याचे मनही पाहावे लागते.

बोलीचे नमुने गोळा करणाऱ्या अभ्यासकाच्या वहीत बहुधा ‘(हसून)’ एवढीच नोंद असते. कोण आधी हसले, कोण नंतर, आणि कोणाला हसावे लागले, हे त्या कंसात येत नाही. वक्त्याच्या वाक्यापाशी नोंद थांबली, तर केमच्या फलाटावरचा तो वृद्ध बातमी देत होता की फिरकी घेत होता, हेही सांगता येणार नाही.