तुघलकाबादचा शाप

दिल्लीच्या दक्षिणेस खडकाळ उंचवट्यावर तुघलकाबादची प्रचंड तटबंदी उभी आहे. आत मात्र बहुतांशी ओसाड अवशेष. १३२० साली गादीवर आलेल्या गियासुद्दीन तुघलकाने हे नगर वसविले.

आख्यायिका अशी की, सुलतानाने सारे मजूर किल्ल्याच्या कामास जुंपले. निजामुद्दीन अवलियांच्या विहिरीचे काम ते रात्री दिव्यांच्या उजेडात करू लागले, तेव्हा त्याने तेलाची विक्री बंद केली. मग पाण्यावरच दिवे पेटले, आणि हे नगर उजाड राहील, नाहीतर तेथे पशुपालक गुजर वसतील, असा शाप अवलियांनी दिला. १३२५ साली सुलतान बंगालच्या मोहिमेवरून परतत असता ‘दिल्ली अजून दूर आहे’ असे उद्गार त्यांनी काढले, म्हणतात. वाटेत अफगाणपूर येथे स्वागताचा मंडप कोसळून सुलतान मेला. बरनी हा इतिहासकार विजेचे कारण देतो. इब्न बतूता मात्र पुत्राकडे बोट दाखवितो. त्याच पुत्राने, मुहंमदाने, १३२७ साली राजधानी आपल्या दौलताबादेस नेली. नगर ओस पडण्यास पाण्याची टंचाईही कारण झाली, असे मानतात.

बायबलातील योनाने निनवे नगरीस चाळीस दिवसांत नाशाचे भाकीत ऐकविले. राजासह प्रजेने पश्चात्ताप केला आणि नगरी वाचली. भाकिताचा हेतू मुळी सावध करणे हाच असतो. तुघलकाबादच्या कथेतील सुलतान सावध झाला नाही. इतिहास तिला पुरावा देत नाही. परंतु दिवसभर राबून रात्री दिव्याला तेल न मिळालेल्या मजुरांचे गाऱ्हाणे लोकांनी तिच्यातच जपून ठेविले आहे.