धाप एक, कारणे अनेक

पाऊस सरून थंडीची चाहूल लागली की दवाखान्यांसमोरची गर्दी वाढू लागते. तक्रारी बहुधा सारख्याच असतात. रात्री वाढणारा खोकला, छातीत घरघर, जिना चढताना लागणारी धाप. हाती पडणारी चिठ्ठीही बहुतेक वेळा सारखीच असते. एक अँटिबायोटिक, एक खोकल्याचे औषध आणि फारच दम लागत असेल तर पंप. आठवड्याभरात बरे वाटते आणि विषय मागे पडतो. महिन्याभराने तीच तक्रार येते आणि तीच चिठ्ठी मिळते.

या एकाच धापेमागे दमा असू शकतो, विषाणूंचा संसर्ग असू शकतो, न्यूमोनिया किंवा क्षयरोग असू शकतो. विडी-सिगारेटच्या किंवा चुलीच्या धुराने जडलेला सीओपीडी असू शकतो, क्वचित हृदयाचे दुखणेही असू शकते. या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे आणि काही वेळा तो एकमेकांच्या विरुद्ध आहे. दम्याच्या तीव्र झटक्यात स्टेरॉईडच्या गोळ्या जीव वाचवतात. त्याच गोळ्या निदान न झालेल्या क्षयरुग्णाला दीर्घकाळ दिल्या, तर आजार भडकतो. म्हणून गेल्या काही वर्षांत श्वसनविकारांच्या क्षेत्रात जी प्रगती झाली, तिचा मोठा भाग एकाच दिशेने गेला आहे. उपचार सुरू करण्याआधी आजार नेमका कोणता, हे मोजून ठरवायचे.

फुंकरीचे मोजमाप

दमा हा मुळात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला आलेल्या सुजेचा आजार आहे. सुजेमुळे नलिका संवेदनशील होतात. धूळ, थंड हवा, परागकण, सर्दीचा विषाणू असे काही निमित्त झाले की त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो आणि हवेची वाट अरुंद होते. मात्र ही वाट कायम अरुंद राहत नाही. सकाळी बेजार झालेला रुग्ण दुपारी दवाखान्यात पोहोचेपर्यंत ठीक असू शकतो. त्याची छाती स्टेथोस्कोपला स्वच्छ वाटते आणि एक्स-रेमध्येही बहुधा काही सापडत नाही.

दम्याचा हा चढउतार औषधांबद्दलही फसगत करतो. कोजागिरीच्या रात्री दम्याचे औषध वाटण्याची प्रथा राज्यात अनेक ठिकाणी आहे. आपोआप कमी-जास्त होणाऱ्या आजारात त्या दरम्यान घेतलेल्या कोणत्याही उपायाला श्रेय मिळते. खरोखर फरक पडला की नाही, हे श्वास मोजल्याशिवाय कळत नाही.

हे मोजण्याची मूळ चाचणी म्हणजे स्पायरोमेट्री. खोल श्वास घेऊन नळीत जोराने फुंकायचे, मग नलिका सैल करणारे औषध ओढायचे आणि काही मिनिटांनी पुन्हा फुंकायचे. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा औषधानंतर किमान १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढली, तर प्रौढांमध्ये तो दम्याच्या बाजूचा भक्कम पुरावा मानला जातो. स्पायरोमीटर जवळ नसेल तर पीक फ्लो मीटर हे प्लॅस्टिकचे स्वस्त उपकरण कामी येते. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे वहीत लिहिले, की श्वासाचा चढउतार कागदावर दिसू लागतो.

नव्या चाचण्या याच्या पुढे जाऊन थेट सुजेचा माग काढतात. ॲलर्जीच्या प्रकारची सूज असेल तर श्वासनलिकांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साईड वायू जास्त तयार होतो. उच्छ्वासातील त्याचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीला ‘फेनो’ म्हणतात. रुग्णाने संथपणे यंत्रात फुंकायचे, काही मिनिटांत आकडा मिळतो. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांनी प्रौढांसाठी फेनो किंवा रक्तातील इओसिनोफिल पेशींची मोजणी यांना पहिल्या पायरीवर आणले. लक्षणे दम्याची असतील आणि फेनोचा आकडा अब्जात ५० भाग किंवा त्याहून जास्त असेल, तर निदान पक्के करता येते. फेनोचे यंत्र मोठ्या शहरांपुरतेच असले, तरी इओसिनोफिलची मोजणी रक्ताच्या साध्या तपासणीत होते. आपल्याकडे एक पथ्य मात्र पाळावे लागते. जंत आणि हत्तीरोगाचे कृमी यांच्यामुळेही या पेशी वाढतात, त्यामुळे केवळ त्या आकड्यावर विसंबता येत नाही.

जोराने फुंकणे न जमणाऱ्या लहान मुलांसाठी आणि वृद्धांसाठी ऑसिलोमेट्री हा पर्याय आहे. यात नेहमीसारखा श्वास घेत राहायचा. यंत्र नळीतून हवेच्या सूक्ष्म लहरी सोडते आणि त्यांना नलिकांमधून किती अडथळा होतो हे नोंदवते.

आराम देणारा पंप आणि बरा करणारा पंप

उपचारांतील सर्वांत महत्त्वाचा बदल कोणत्याही नव्या रेणूमुळे झालेला नाही. जुनीच औषधे वापरण्याची रीत बदलली आहे. साल्ब्युटामॉल १९६९ मध्ये बाजारात आले. आपल्याकडे ‘निळा पंप’ म्हणून ओळखला जातो तो बहुधा याच औषधाचा. ते आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते आणि रुग्णाला हायसे वाटते. पण सुजेवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. सूज कमी करते ते श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉईड. तेही १९७२ पासून उपलब्ध आहे. त्याचा परिणाम मात्र हळूहळू होतो, लगेच जाणवत नाही. म्हणून रुग्ण आराम देणारा पंप जवळ ठेवतात आणि बरा करणारा बाजूला.

ही सवय जिवावर बेतू शकते. साल्ब्युटामॉलचे २०० मात्रांचे तीन किंवा अधिक पंप वर्षभरात संपत असतील, तर तीव्र झटक्याचा धोका वाढलेला असतो. वर्षाला बारा किंवा अधिक संपत असतील, तर मृत्यूचाही. ‘जिना’ या जागतिक तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये पन्नास वर्षांचा पायंडा मोडत, प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना केवळ साल्ब्युटामॉलसारख्या औषधावर ठेवू नये, असे स्पष्ट केले. त्याऐवजी ब्युडेसोनाईड हे स्टेरॉईड आणि नलिका झटपट सैल करणारे फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप सुचवला गेला. सौम्य दम्यात तो गरजेपुरता ओढला तरी प्रत्येक वेळी आरामाबरोबर सुजेवरचे औषधही पोटात नव्हे, थेट फुप्फुसात पोहोचते.

यामागे भक्कम पुरावा होता. सौम्य दम्याच्या ३,८०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘सिग्मा’ चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ नलिका सैल करणारे औषध वापरणाऱ्यांच्या तुलनेत गरजेपुरता एकत्रित पंप वापरणाऱ्यांमध्ये तीव्र झटक्यांचे प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी होते. शिवाय रोज नेमाने स्टेरॉईड घेणाऱ्या गटाच्या तुलनेत त्यांना जेमतेम एक षष्ठांश स्टेरॉईड लागले.

भारताला या बदलाची गरज सर्वांत जास्त आहे. २०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार देशात सुमारे ३.४ कोटी लोकांना दमा आहे. जगातील दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. हा फरक आजाराच्या तीव्रतेतून येत नाही. निदान उशिरा होणे आणि श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉईडचा तोकडा वापर ही त्याची मोठी कारणे आहेत.

‘पंपाची सवय लागते’ आणि ‘स्टेरॉईड म्हणजे विष’ या दोन समजुती घरोघरी आहेत. सवय लावणारा कोणताही गुण या औषधात नाही. आजार दीर्घकाळ राहणारा असल्याने औषधही दीर्घकाळ लागते, इतकेच. स्टेरॉईडची भीती गोळ्यांच्या बाबतीत रास्त आहे. वारंवार घेतलेल्या गोळ्यांनी हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू होतो. पण गोळीची मात्रा मिलिग्रॅममध्ये असते आणि पंपाची मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात. गंमत अशी की पंपाला घाबरून तो टाळणाऱ्यांनाच झटका आला की गोळ्यांचा कोर्स घ्यावा लागतो.

तीव्र दम्यासाठी नेमकी इंजेक्शने

काही रुग्णांना पंप नीट वापरूनही झटके येत राहतात. त्यांच्यासाठी ‘बायोलॉजिक’ औषधे आली आहेत. सुजेच्या साखळीतील एखादाच दुवा ती तोडतात. ॲलर्जीतील आयजीई प्रतिपिंडाला अडवणारे ओमालिझुमॅब अमेरिकेत २००३ मध्ये मंजूर झाले. इओसिनोफिलवर काम करणारे मेपोलिझुमॅब २०१५ मध्ये आणि बेनरालिझुमॅब २०१७ मध्ये आले. सुजेची सुरुवात करणाऱ्या संदेशालाच रोखणारे टेझेपेलुमॅब २०२१ च्या अखेरीस आले. यातले कोणते कुणाला लागू पडेल, हे रक्तातील इओसिनोफिल, आयजीई आणि फेनो यांवरून ठरवले जाते. मोजमापाचा उपयोग इथेही आहे.

लंडन आणि ऑक्सफर्डमधील संशोधकांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. दमा किंवा सीओपीडीचा इओसिनोफिलयुक्त झटका आलेल्या १५८ रुग्णांच्या अभ्यासात, केवळ स्टेरॉईडच्या गोळ्या मिळालेल्यांपैकी ७४ टक्के रुग्णांत तीन महिन्यांत उपचार अपुरा ठरला. बेनरालिझुमॅबचे इंजेक्शन मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ४५ टक्के होते. अभ्यास लहान आहे आणि ही इंजेक्शने महागडी आहेत, त्यामुळे तो उपचार अजून रोजच्या वापरातला नाही.

जंतू कोणता, हे आधी विचारा

दम्याचे बहुतांश झटके विषाणूजन्य सर्दीने सुरू होतात. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. जिवाणूसंसर्गाची चिन्हे नसतील तर दम्याच्या झटक्यात ते देऊ नये, असाच तज्ज्ञांचा सल्ला आहे. न्यूमोनियाची शंका असेल तेव्हा एक्स-रे, रक्तातील सीआरपी आणि गरजेनुसार प्रोकॅल्सिटोनिन या तपासण्या जिवाणूसंसर्गाचा अंदाज पक्का करायला मदत करतात. मोठ्या रुग्णालयांत घशातील किंवा फुप्फुसातील एकाच नमुन्यातून अनेक जंतूंचा काही तासांत छडा लावणाऱ्या पीसीआर चाचण्याही होतात.

आपल्याकडे सर्वांत महागात पडते ती क्षयरोगाची हुकलेली ओळख. लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातील अँटिबायोटिक क्षयाच्या जंतूंवरही काही प्रमाणात चालतात. छातीच्या साध्या संसर्गासाठी म्हणून ती दिली की क्षयरुग्णाला तात्पुरते बरे वाटते, निदान लांबते आणि तोवर घरातल्यांना लागण होत राहते. जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतात असताना ही चूक परवडणारी नाही.

ती टाळण्याची साधने आता हाताशी आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जंतू दिसायला एक मिलिलिटर थुंकीत ते हजारोंच्या संख्येने असावे लागतात. सीबीनॅट चाचणी जंतूची जनुके शोधते, त्यामुळे त्याहून कितीतरी कमी जंतू असले तरी ते पकडते आणि रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही हेही दोनेक तासांत सांगते. गोव्यातील मोलबायो डायग्नोस्टिक्सने बनवलेले ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे वातानुकूलित प्रयोगशाळा नसलेल्या ग्रामीण केंद्रातही तपासणी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. सरकारी केंद्रांत क्षयरोगाची तपासणी मोफत होते.

एक्स-रेचे महत्त्वही नव्याने उमगले आहे. २०१९ ते २०२१ दरम्यान देशभर झालेल्या क्षयरोग सर्वेक्षणात, एक्स-रे काढला नसता तर ४२.६ टक्के रुग्ण हातचे निसटले असते, असे दिसले. एक्स-रे वाचणारी संगणकप्रणाली पंधरा वर्षांवरील व्यक्तींसाठी वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये संमती दिली. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी पूर्वी दीड वर्षाहून अधिक काळ उपचार चालत. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांचा सहा महिन्यांचा कोर्स भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमासाठी मंजूर केला.

संसर्ग होऊच नये म्हणून लसी आहेत. न्यूमोकोकस जिवाणूपासून बाळांना वाचवणारी पीसीव्ही लस महाराष्ट्रात २०२१ पासून सरकारी लसीकरणात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत मोफत मिळते. या प्रकारची पहिली भारतीय लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०२० मध्ये आणली. ज्येष्ठांनी आणि दमेकऱ्यांनी न्यूमोकोकस व फ्लूच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावे.

काय विचारावे, कधी धावावे

खोकला वा धाप पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. माझी स्पायरोमेट्री झाली आहे का? माझ्या पंपात सूज कमी करणारे औषध आहे का? हे अँटिबायोटिक नेमक्या कोणत्या संसर्गासाठी आहे? पंपाच्या रंगावर विसंबू नये, वेष्टनावरचे औषधाचे नाव वाचावे. फवारा मारणाऱ्या पंपाला स्पेसर जोडल्यास औषध घशात कमी आणि फुप्फुसात जास्त जाते. औषध ओढल्यावर दहाएक सेकंद श्वास रोखावा. त्यात स्टेरॉईड असेल तर नंतर चूळ भरून थुंकावी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, सोबत ताप, रात्रीचा घाम किंवा घटते वजन असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावीच.

एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, मुलाच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात असेल किंवा पंपाचा आराम तासाभरातच ओसरत असेल, तर लगेच रुग्णालय गाठावे. ऑक्सिमीटरचा आकडा ९२ च्या खाली गेला तरीही थांबू नये. मात्र सावळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकते. म्हणून आकडा चांगला आणि रुग्ण बेजार असे चित्र असेल, तर विश्वास रुग्णावर ठेवावा.