प्रश्नावलीतले गुण म्हणजे निदान नव्हे

विद्यापीठांत संशोधनासाठी विद्यार्थ्यांकडून मानसिक आरोग्याच्या प्रश्नावल्या भरून घेतात. त्यांतल्या काही ‘व्यक्तिमत्त्व विकार’ मोजण्यासाठी असतात. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींच्या हातीही असा कागद येतो. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

रागीट किंवा अबोल स्वभाव म्हणजे विकार नव्हे. स्वतःकडे पाहण्याची आणि इतरांशी वागण्याची पद्धत दीर्घकाळ बिघडलेली राहून घर, मैत्री, शिक्षण असा सगळीकडे त्रास होतो, तेव्हा तज्ज्ञ हा शब्द वापरतात. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ वर्गीकरणात हा काळ साधारण दोन वर्षे किंवा जास्त धरला आहे. परीक्षेच्या दिवसांतली बेचैनी त्यात बसत नाही.

मोजमापाचे टप्पे दोन. आधी होय-नाही प्रश्नांची चाळणी, मग तज्ज्ञाने घेतलेली सविस्तर मुलाखत. निदान होते ते मुलाखतीनंतरच. थर्मामीटरने ताप कळतो. तो हिवतापाचा की टायफॉईडचा, हे कळत नाही. चाळणीचेही तसेच.

हिशेब करून पाहू. समजा, १००० विद्यार्थ्यांपैकी १०० जणांना खरोखर विकार आहे आणि चाळणीत त्यांतले ८० सापडले. उरलेल्या ९०० पैकी शेकडा २० जण, म्हणजे १८० जण, चुकून यादीत आले. यादी झाली २६० जणांची. खरा विकार फक्त ८० जणांना.

आता आपल्या मुलांचा प्रश्न. ‘सॅपास’ या ८ प्रश्नांच्या चाळणीत, तुम्ही सहसा लोकांवर विश्वास ठेवता का, असाही प्रश्न आहे. आडनाव आणि रँक विचारून ज्याला पहिल्याच दिवशी ‘कोट्यातला’ ठरवले, तो ‘नाही’ म्हणणारच. दिल्लीच्या एम्समधील जातिभेदाची नोंद थोरात समितीने २००७ मध्येच केली आहे. गुण मोजताना कागद कारण विचारत नाही. ते मुलाखतीत विचारले पाहिजे. मुलगा घरी, विहारात, मित्रांत मोकळा असेल आणि विभागातच दबून राहत असेल, तर दोष आधी विभागात शोधावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ३ स्पष्ट सांगते: सामाजिक दर्जा किंवा समूहाचे सदस्यत्व यांवरून मानसिक आजार ठरवता येत नाही.

पण म्हणून प्रत्येक त्रास जातीच्या खात्यावर टाकून उपचार टाळू नयेत, असेही आम्ही तितक्याच कळकळीने सांगतो. स्वतःला इजा करणे, प्रत्येक नाते टोकाला जाऊन तुटणे, हे वारंवार होत असेल तर मदत घ्यावी. संवादावर आधारित उपचारांनी अशा रुग्णांना चांगला फरक पडतो.

प्रश्नावली भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: नाव लिहावे लागेल का? उत्तरे कोण पाहणार? नकार दिला तर चालेल का? यादीत नाव आले, तर तज्ज्ञाची मुलाखत मागा. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतून, मोफत बोलता येते. हा क्रमांक वसतिगृहातल्या मुलांपर्यंत पोहोचवा.

जय भीम.